चौदाव्या पानावरचा सूर्योदय

३ फेब्रुवारी
लाँचच्या धक्क्यासमोरचं लॉज, वरची खोली

दादा,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. मग ‘तीर्थरूप’ लिहिलं, तेही खोडलं, कारण तू ते वाचून वहिनीला दाखवून हसला असतास. अकरा वर्षांनी भावाला पत्र लिहायला बसावं आणि पहिल्याच शब्दाला अडावं, हे फक्त माझ्याच नशिबी. म्हणून नुसतं दादा.

मी बेटावर आले आहे. ज्या शहरावर तू पुस्तक लिहिलंस, त्याच शहरात. पुस्तक हातात आहे आणि आज दुपारपर्यंत मी तीन वेळा चुकले आहे. पाय दुखताहेत, डोकं त्याहून जास्त.

कशाला आले ते सांगते. छापखान्याचे मालक गेल्या वर्षी वारले. आता कारभार त्यांच्या सूनबाईंकडे आहे. लाँचच्या फेऱ्या वाढल्यामुळे बेटावर माणसं पुष्कळ जायला लागली आहेत आणि पुस्तकाच्या दुकानांतून वाटपुस्तिकेची मागणी होते. तेव्हा सूनबाईंना तुझी पुस्तिका पुन्हा काढायची आहे. ‘तुम्ही एकतीस वर्षं आमची प्रुफं पाहिलीत, निवृत्त झालात तरी नजर तीच आहे, तिथे जाऊन चुका तेवढ्या काढून आणा,’ म्हणाल्या. वीस तारखेच्या आत दुरुस्त प्रत द्यायची आहे.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. नव्या आवृत्तीवर तुझं नाव नसेल. सूनबाईंचं म्हणणं, त्या नावाची तेव्हा पेपरातून फार शोभा झाली, पुन्हा ते लचांड नको. माझं नाव घालायचं ठरलं आहे. मी हो म्हटलं. कुणा तिसऱ्याकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मी सांगितलेलं बरं. बाकी या पत्रात तुझ्यासाठी काही नाही.

पण लिहितेच आहे तर ऐक. पान नऊ: ‘धक्क्यावर उतरलं की उजवीकडे जकात कचेरीची दगडी इमारत.’ उजवीकडे मासळीचे रिकामे क्रेट आणि एक झोपलेलं कुत्रं आहे, बस्स. पान चौदा: ‘पहाटे धक्क्याच्या टोकाला बसावं. समोर पाण्यातून होणारा सूर्योदय चुकवू नये.’ मी चुकवला नाही, दादा. अंधारात उठले, स्वेटर घातला, ओल्या दगडावर पाऊण तास बसले. समोर उजाडलं, पण पाण्यातून सूर्य काही येईना. लाँच धुणारा माणूस माझ्याकडे बघून शेवटी म्हणाला, ‘बाई, सूर्य तुमच्या पाठीमागे उगवलाय. दहा मिनिटं झाली.’

धाकटी

५ फेब्रुवारी

दादा,

परवाचं पत्र टाकलं. तुझं उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते आहे. इथे बोलायला दुसरं कुणी नाही, आणि राग आला की तो कुठेतरी काढावा लागतो.

या शहराने माझा जीव मेटाकुटीला आणला आहे. सारं गाव टेकडीच्या उतारावर, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून पिंप घेऊन माणूस आला की आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. पुस्तकात म्हटलंय, दोरवाल्यांच्या गल्लीतून डावी घेतली की तटाचा दरवाजा. मी डावी घेतली आणि एका न्हाव्याच्या दुकानात मागच्या दाराने शिरले. एकाच्या गालाला फेस, वस्तरा हवेत, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. पुस्तक दाखवलं, तर न्हावी म्हणाला, ‘हां, उलटं पुस्तक!’

होय. त्या पुस्तकाला इथे नाव पडलं आहे. लॉजच्या मालकीणबाईंनी संध्याकाळी चहा देताना सगळं सांगितलं. बाई अंगाने आडव्या आणि बोलायला उभ्या, कुणाची भीड ठेवत नाहीत.

‘पहिल्या वर्षी माणसं यायची ते पुस्तक घेऊन. भर उन्हात घामाघूम होऊन माझ्या ओट्यावर बसायची आणि लेखकाला शिव्या द्यायची. मग मला युक्ती सापडली. मी सांगायची, पुस्तक म्हणेल त्याच्या बरोब्बर विरुद्ध चाला. बघा चुकता का.’

‘मग?’

‘एकसुद्धा चुकलं नाही! डावं म्हटलं की उजवं, उगवतं म्हटलं की मावळतं. लिहिणाऱ्याने एकेक पायरी मोजलेली आहे हो. फक्त डोकं खाली पाय वर करून मोजली असेल.’

मी हसले. त्यांना सांगितलं नाही की तो माझा सख्खा भाऊ आहे. तू असतास तर म्हणाला असतास, हे तुला सवयीचंच आहे. ग्रंथालयातला तो कार्यक्रम तू विसरला नसशीलच. मी तरी कुठे विसरले? पेपरात आलं होतं की लेखक बेटावर गेलेलाच नाही, घरी बसून पुस्तक लिहिलं. सगळे तुला प्रश्न विचारत होते आणि तू मूग गिळून गप्प बसला होतास. तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘अहो, दादाला काय विचारता? त्याला लहानपणापासून डावं-उजवं कळत नाही, चपलासुद्धा उलट्या घालायचा.’ सारं सभागृह हसलं. मला वाटलं, हसण्यावारी गेलं म्हणजे सुटलो. तू खुर्चीखालची पिशवी उचललीस आणि निघून गेलास. नंतर तुझ्या चित्रकलेच्या तासाला पोरं फळ्यावर उलटी घरं काढून ठेवायची, आणि तू दोन वर्षं बाकी असताना शाळा सोडलीस, हे मला वहिनीकडून कळलं. मी माफी मागितली नाही, कारण मला वाटायचं की मुळात चूक तुझी होती.

अजूनही वाटतं. नकाशा तूच काढला होतास, आणि तो उलटा होता. मजकुरात चार-दोन ठिकाणी मी हात फिरवला असेन, ते माझं कामच होतं.

धाकटी

६ फेब्रुवारी

दादा,

चार-दोन ठिकाणी नव्हे. काल लिहिलं आणि मग झोप येईना, म्हणून आज सकाळी पुस्तक उघडून पेन्सिलने खुणा करत बसले. त्रेचाळीस.

तेव्हा काय झालं होतं ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. वहिनीचं ऑपरेशन होतं, तू इस्पितळात होतास. जाताना हस्तलिखित माझ्या हातात देऊन म्हणालास, ‘तू बघशील ना?’ माझ्या टेबलावर एका बाजूला तुझ्या मजकुराचं प्रूफ आलं, दुसऱ्या बाजूला नकाशाचं. दोन्ही जुळेनात. मजकुरात डावीकडे, तर नकाशात उजवीकडे. पहिली जागा दिसली तेव्हा हसले. दहावी दिसली तेव्हा म्हटलं, झालं, दादाने पुन्हा चपला उलट्या घातल्या. तुला इस्पितळात फोन करायचा होता. करावा की करू नये यात दुपार गेली, आणि मशीनवाला डोक्यावर उभा होता. नकाशा म्हणजे चित्र, चित्रात तू चुकणार नाहीस, मजकुरातच चुकला असशील, असा मी हिशेब लावला आणि लाल पेन घेतलं. मला वाटलं, मी तुझी लाज राखते आहे.

आणि पान चौदा. तू लिहिलं होतंस: ‘संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला बसावं. समोर पाण्यात होणारा सूर्यास्त चुकवू नये.’ नकाशात धक्का पूर्वेला दिसत होता. पूर्वेला सूर्य कसा मावळेल? म्हणून सूर्योदय केला, आणि संध्याकाळची पहाट केली. तुझ्या पुस्तकाला सगळ्यात जास्त जे हसले ते या वाक्याला, पेपरवाल्याने मथळ्यातच घातलं होतं. ते वाक्य माझं आहे, दादा. ओल्या दगडावर बसून त्या पहाटे मला थंडी वाजली, तीसुद्धा माझ्याच वाक्याने.

पुस्तक छापून आलं तेव्हा तू पान चौदा वाचलं असशीलच. मला आजवर वाटत होतं, की तू ते नीट वाचलंच नसशील. तू स्वतःचं छापलेलं कधी वाचत नाहीस, असं मी स्वतःला सांगत आले.

तरी प्रश्न उरतोच. मजकूर बरोबर होता, तर नकाशा उलटा का काढलास? हातात पेन्सिल धरून पन्नास वर्षं काढलेला माणूस अख्खं शहर उलटं काढतो? घोडं इथेच पेंड खातंय. याचं उत्तर दे, म्हणजे मी निदान अर्धी तरी सुटेन.

धाकटी

८ फेब्रुवारी

दादा,

उत्तराची गरज नाही. मिळालं.

काल धक्क्यावरून येताना कुणीतरी होडी धुवून बादली भिरकावली ती थेट माझ्या अंगावर. पुस्तक भिजून लगदा. त्या माणसाशी कचाकचा भांडले, खोलीवर आले, नकाशाचं पान अलगद सोडवलं आणि वाळायला खिडकीच्या काचेला चिकटवलं. घाईत छापील बाजू काचेकडे गेली. साडी बदलून वळून बघते, तर ओल्या कागदातून उजेड येतोय, मागच्या कोऱ्या बाजूने गल्ल्यांच्या रेघा दिसताहेत, आणि काचेपलीकडे खरं बंदर. पानावर धक्का जिथे, तिथेच बाहेर धक्का. जकात कचेरी, तट, दीपगृह, सगळं जागच्या जागी. नावं तेवढी उलटी.

मी एकतीस वर्षं छापखान्यात काढली. मला कुणी समजावून सांगायला नको. छपाईआधी चित्राची जी पारदर्शक फिल्म काढतात ती पालथी लागली होती, दुसरं काही नाही. अक्षरांवरून लगेच कळलं असतं, पण तू नकाशावर अक्षर लिहिलंच नव्हतंस. प्रत्येक जागी इवलंसं चित्र काढून सोबत यादी दिली होतीस: नांगर म्हणजे जकात कचेरी, पिंप म्हणजे पिंपवाल्यांची गल्ली. नावं मग छापखान्यात जुळवून त्या पालथ्या चित्रावर सरळ बसवली. नांगर उलटा काय आणि सुलटा काय, सारखाच दिसतो. फिल्म लावणारा, नावं जुळवणारा, मशीनवाला आणि प्रूफ बघणारी, या चौघांत एकाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. चौथी मी.

तशीच खाली गेले आणि मालकीणबाईंना खरं सांगितलं, की लेखक माझा भाऊ आहे आणि त्याचं काही चुकलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, ‘मग तुम्ही भोंग्याला भेटा.’ भोंगा म्हणजे बंदर कचेरीतले निवृत्त गृहस्थ. चाळीस वर्षं लाँच सुटताना भोंगा वाजवला, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात, आणि कान गेल्यामुळे ते बोलतातही तसेच. दार उघडताच मी तुझं नाव सांगितलं.

‘पेन्सिलवाले मास्तर!’ ते ओरडले. शेजारच्या घरातलं कुणीतरी बाहेर आलं. ‘या, या! तुम्ही त्यांच्या कोण?’

‘बहीण.’

‘कोण?’

‘बहीण!’ आता गल्लीभर कळलं.

त्यांच्या भिंतीवर तुझा मूळ नकाशा आहे, चौकटीत. सरळ. ते म्हणाले, पेपरात टीका आली तेव्हा हाच नकाशा घेऊन तू इथे पुन्हा आला होतास. दोन दिवस चालून प्रत्येक वळण तपासलंस, आणि मग त्यांच्या ओट्यावर बसून हसलास.

‘मी म्हटलं, मास्तर, मी पेपराला पत्र लिहितो. नकाशा जोडतो, वर बंदराचा शिक्का मारतो. बघू कोण हसतंय! तर म्हणाले, नको. चौकशी निघेल. प्रुफं माझी बहीण बघते. तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय, घर तिच्या नोकरीवर आहे. माझी काय, फजिती होईल. होऊ दे.’

भोंगेसाहेबांनी हे माझ्यासमोर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मी कुठे बघू ते मला कळेना.

तारखा विचारून घेतल्या. ग्रंथालयातला कार्यक्रम त्यानंतर पंधरा दिवसांनी झाला. म्हणजे सगळं ठाऊक असून तू त्या खुर्चीत बसला होतास, आणि मी उभी राहून तुझ्या चपलांचा विनोद केला.

आता माझं ऐक. कोणी सांगितलं होतं तुला? एकदा घरी येऊन, दार लावून माझे कान उपटले असतेस तर काय बिघडलं असतं? मी रडले असते, भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी मालकांसमोर जाऊन सगळं सांगितलं असतं. कदाचित नसतं सांगितलं. पण ते माझं मी बघितलं असतं ना! तू परस्पर ठरवून टाकलंस की ही घाबरट आहे, हिला झेपणार नाही. हे गेले तेव्हाही आलास, फाटकाशी उभा राहिलास आणि चहा न घेता परत गेलास. मी खिडकीतून बघत होते आणि म्हणत होते, बघा याचा ताठा. तुझ्या चांगुलपणाचा मला इतका संताप आला आहे की समोर असतास तर ओरडून तुझेही कान घालवले असते. अकरा वर्षं, दादा. माझा भाऊ अकरा वर्षं मला मिळाला नाही, तो तुझ्या या शहाणपणामुळे आणि माझ्या लाल पेनामुळे. मला तुझी फार आठवण येत होती.

धाकटी

१७ फेब्रुवारी
घरून

दादा,

सोबत जाड पाकीट आहे, ते आधी उघड. तुझ्या पुस्तिकेचं प्रूफ आहे. तुझ्या हस्तलिखितावरून जुळवलं आहे, माझा एक शब्द नाही. तू मागितलंस तेव्हा हस्तलिखित रद्दीत गेलं असं मी म्हणाले होते. गेलं नव्हतं. माझ्या ट्रंकेत तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. फेकायचा धीर झाला नाही आणि तुला द्यायचाही. नकाशा भोंगेसाहेबांनी चौकटीतून काढून दिला, ‘परत आणला नाहीत तर पोहत येईन’ म्हणाले.

सूनबाईंशी काल वाजलं. मी सांगितलं, लेखक म्हणून दादाचं नाव, माझं कुठेही नाही. त्या म्हणाल्या, लोक पुन्हा हसतील. मी म्हटलं, हसणार नाहीत, मी पहिल्या पानावर खुलासा लिहिते आहे. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, ‘अहो, यात तुमची किती शोभा! आणि छापखान्याचीही.’ मी म्हटलं, मग पुस्तक नको. त्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला, मग म्हणाल्या, लेखकाला चालत असेल तर आमची हरकत नाही.

तेव्हा तो खुलासाही प्रुफात आहे:

‘या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत नकाशा छापताना पालथा गेला. त्याच्याशी जुळावं म्हणून मुद्रितशोधकाने लेखकाला न विचारता त्याच्या मजकुरातले त्रेचाळीस शब्द बदलले. लेखकाचं लिखाण आणि रेखाटन, दोन्ही मुळात अचूक होतं. मुद्रितशोधक त्याची धाकटी बहीण होती.’

आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे मी प्रूफ पाठवते आहे. हवे ते बदल कर. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण प्रूफ परत पाठव, नाहीतर सूनबाई माझा जीव खातील.

धाकटी

२ मार्च

दादा,

पाकीट गेल्या आठवड्यात मिळालं. आत पत्र नाही, चिठ्ठी नाही, मी पाकीट उलटं करून झटकलं. फक्त प्रूफ.

एक स्वल्पविराम वाढवलास, तो बरोबर आहे. दीपगृहाच्या पायऱ्या सत्त्याण्णवच्या अठ्ठ्याण्णव केल्यास, तेही मान्य. आणि पहिल्या पानावरच्या खुलाशातलं दुसरं आणि चौथं वाक्य खोडलंस. पट्टी लावून, सरळ रेघेत, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंस: ‘गरज नाही.’

कपाळावर हात मारून घेतला. माणूस म्हणून तू सुधारणार नाहीस. पुन्हा तेच! नकाशा पालथा गेला, लिखाण अचूक होतं, आणि मधे बहीण कुठेच नाही. आता माझी नोकरी नाही, हे नाहीत, कुणाला वाचवतो आहेस? मी बासष्ट वर्षांची आहे, दादा. लोक मला हसले तर मला झेपेल.

छापखान्यात एक खूण असते, तुला ठाऊक नसेल. खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली की त्याचा अर्थ, ही खोड मानू नका, मजकूर होता तसा ठेवा. मी दोन्ही वाक्यांखाली टिंबं दिली, एक एक, मोजून, पार शेवटच्या शब्दापर्यंत. तू लेखक असशील, पण प्रुफावर शेवटची सही अजून माझी चालते.

काल छपाई झाली. मशीनजवळ उभी राहून मी पहिलं पान स्वतः वाचलं, मोठ्याने, मशीनच्या आवाजातसुद्धा ऐकू जाईल असं. एक हजार प्रती. तुला ती वाक्यं खोडायचीच असतील तर पट्टी आणि पेन्सिल घेऊन घरोघर जा आणि प्रत्येक दारात सांग की माझी बहीण खोटं बोलते. मला चालेल. निदान तोंडाने माझ्याविषयी काही बोललास असं तरी होईल.

धाकटी